परत येणारा उजेड

नोव्हेंबर सरताना आमच्याकडून सूर्य जातो
तो जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडल्यावर येतो.
मधल्या काळात त्रोम्स्यात सगळेच चाचपडतात,
त्यामुळे स्कारे उंबऱ्याला अडखळली
ते मी मनावर घेतलं नाही.
मीसुद्धा परवा दूध समजून कॉफीत ताक ओतलं होतं.

स्कारे म्हणजे बर्फावर रात्रीत धरते ती कडक साय.
कुत्रीचं नाव हिल्दूरनं ठेवलं. पिल्लू पायाखाली करकरायचं म्हणे.

एकतीस हिवाळे मी बर्फ लोटायची गाडी चालवली.
रस्त्याकडेला काठ्या रोवलेल्या, टोकाला चमकती पट्टी.
झोत पडला की काठी सांगते : इथवर रस्ता, पुढे फ्योर्ड.
त्या सवयीनं मी चमकेल त्यावर विश्वास ठेवतो.
आणि यंदा मी घरी परतताना
स्कारेचे डोळे अंगणात असे पेटायचे,
हिरवे, खोल, पूर्वी कधीच नव्हते इतके,
की मी हिल्दूरला म्हणालो,
म्हातारपणी नजर तल्लख होतेय हिची.

मग सूर्य आला.
आम्ही जॅमचे गोल पाव घेऊन टेकडीवर गेलो, सगळं गाव जातं तसे.
मी तुकडा फेकला.
तो स्कारेच्या नाकावर आपटला
तेव्हा तिला कळलं, काहीतरी येत होतं.

डोळ्यांची डॉक्टर महिन्यातून एकदा दक्षिणेकडून येते,
विमानानं, दोन पेट्या घेऊन.
बाहेर बाकावर एक ससा, बुबुळाला जखम झालेला,
आणि गळ्याभोवती प्लास्टिकचं नरसाळं घातलेला पग,
ज्याचा मालक दर चार तासांनी
अक्षरशः डोळ्यांत तेल घालून जागत होता.
युरुन आइकेलान तिचं नाव. हात थंड, आवाज ऊबदार.
तिनं खोलीत अंधार केला.
(अजून अंधार! मी मनात म्हटलं.)
स्कारेच्या बुबुळावर काचेची टिकली ठेवली, वायर जोडली,
दिवा लुकलुकवला.

पडद्यावर रेघ आली. सपाट.
एकही उंचवटा नाही, एकही खळगा नाही,
मी जन्मभर जशी काढायला झटलो
अगदी तशी.

"पण डोळे तर चमकतात," मी म्हणालो.
"म्हणूनच," ती म्हणाली.
"आतला पडदा झिजलाय. त्याच्यामागे आरसा असतो.
पडदा शाबूत असताना थोडा उजेड वापरला जातो.
आता काहीच वापरलं जात नाही.
जेवढा जातो, तेवढा परत येतो."

मोतीबिंदू असता तर काढला असता, म्हणाली.
दुखत नाही तिला, हे दोनदा म्हणाली.
आणि औषधाच्या चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली :
फर्निचर हलवू नका.

हिल्दूर दर वसंतात सोफा खिडकीशी नेते,
चाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही.
यंदा ती सोफ्याकडे नुसती बघून उभी राहिली
आणि पडदे धुवायला घेतले.
मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची
हा जगाचा जुना प्रश्नही तिनंच सोडवला,
मनगटावर तीन ओरखडे.
आता त्यूता कुठे आहे ते स्कारेला कळतं.
त्यूता माझ्याशी अजून बोलत नाही,
मी तर फक्त पाय धरले होते.

मी शेडमधल्या जुन्या काठ्या काढल्या,
दारापासून लाकडाच्या खोपटापर्यंत दुतर्फा रोवल्या.
पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना खांदा मारला.
चौथ्या दिवशी एकीलाच.
पट्ट्या मी काढल्या नाहीत. का, ते विचारू नका.

आता मे आहे. सूर्य मावळायचं नाव घेत नाही.
रात्री दोनला आम्ही काळे पडदे ओढून तळमळतो,
आणि दाराशी ती
घरात एकटी शांत झोपते.

नोव्हेंबरात पुन्हा गाडी वळेल,
झोत अंगणभर फिरेल,
काठ्या पेटतील, मध्ये दोन हिरवे डोळे.
मला सगळं ठाऊक असेल.
तरी मी काच खाली करून
तिला हात करीन.